शेजपाळी आणि की नंबर पाच

ही हकीकत सांगायची मी तीन वर्षं टाळली. भाच्याच्या ऑफिसातलं काम का सोडलं असं कोणी विचारलं की मी डोळ्यांवर ढकलायचो. मोतीबिंदूचं ऑपरेशन खरंच झालं होतं, त्यामुळे कोणी पुढे विचारत नसे. बायकोला सांगितलं, स्क्रीनकडे पाहून डोकं चढतं. भाच्याला सांगितलं, आता होत नाही. जिला खरोखर काही सांगायला हवं होतं, तिला काहीच सांगितलं नाही. आता एकाहत्तरावं चालू आहे आणि स्वतःच्याच सबबी ऐकून मला वीट आला आहे. म्हणून लिहून काढतो.

मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. कालव्याचं पाणी सगळ्यांना एकदम मिळत नाही, पाळीने मिळतं. चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे निघणाऱ्या पाटाच्या, अगदी शेवटच्या टोकाला जे शेत असेल तिथून सुरुवात करायची आणि एकेक शेत भिजवत वर तोंडाकडे यायचं. याला शेजपाळी म्हणतात. तोंडाशी बसलेल्याला आधी दिलं तर टोकापर्यंत पाणी पोचतच नाही, म्हणून ही रीत. पाळी नसताना कोणाचं शेत ओलं दिसलं की पंचनामा करायचा. बत्तीस वर्षं मी हेच केलं. उन्हातान्हात चारीच्या काठाने चाललो, शिव्या खाल्ल्या, पण टोकाच्या माणसाला पाणी पोचवलं. त्याचा मला अभिमान होता. पुढचं सगळं त्या अभिमानानेच घडवलं.

माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा पुण्यात आठ-नऊ वर्षं नोकरी करून बुलढाण्याला परत आला. बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला भाड्याने घेऊन त्याने सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं. पतसंस्था आणि कापसाच्या जिनिंग यांच्यासाठी प्रोग्राम लिहायचे. पाच माणसं कामाला. पाचवी मुलगी धामणगाव बढ्याची. तिच्याबद्दल पुढे येईलच.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं, पण आमच्यात भाचा-भाची मानाची. लहानपणी या पोराचं नाक मी पुसलं आणि सणावारी त्याच्याच पायांवर डोकं ठेवलं. तो मोठा साहेब झाल्यावर "मामा, घरी बसून काय करता, या माझ्याकडे," म्हणाला, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

त्या वर्षी ऑफिसात एक नवाच खर्च उपटला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या मदतीला एआय आला होता. काय हवं ते साध्या शब्दांत सांगायचं, तो कोड लिहून देतो, चुका शोधतो, जुना कोड समजावतो. दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत होतं. पण तो वापराप्रमाणे पैसे घेतो. जितकं विचाराल, जितकं वाचायला द्याल, तितकं मीटर फिरतं. भाच्याने महिन्याची एक मर्यादा ठरवली होती. ती संपली की सगळ्यांचंच बंद. पहिल्या महिन्यात ती बारा-तेरा दिवसांत संपली आणि उरलेला महिना पाचही जण माझ्याकडे असं पाहत बसले, जसा काही मीच नळ बंद केला होता.

"मामा, याचं तेवढं तुम्ही पाहा," भाचा म्हणाला.

"म्हणजे काय पाहू?"

"कोणाले द्यायचं, किती द्यायचं. मले कोडिंग करू द्या."

"मला त्यातलं काही कळत नाही रे."

"कळाचं काय आहे त्यात? धरणातलं पाणी वाटलं ना जिंदगीभर? हे बी तसंच."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. त्याने ते सहज म्हटलं होतं, मी खरं धरलं.

तेव्हाची कटकट आठवली तरी आज जीव उबगतो. कार्ड भाच्याचं, पण पासवर्डचे मेसेज यायला नंबर माझा, कारण भाचा कधी फोन उचलत नसे. मी भाजी घेत असलो, तरी ओटीपी. बँकेत रांगेत असलो, तरी ओटीपी. एकदा दाढी करायला बसलो होतो, तोंडभर साबण आणि गळ्यावर वस्तरा, तेवढ्यात ऑफिसातल्या एका पोराचा फोन.

"काका, ओटीपी आला का?"

"आला असेल. वस्तरा आहे गळ्यावर."

"दोन मिनिटांत एक्स्पायर होते तो, काका!"

न्हावी म्हणाला, "घ्या पाहून साहेब, मी थांबतो. पण साबण वाळते बरं."

त्यात त्या परदेशी कंपन्या. या महिन्यात एक दर, पुढच्या महिन्यात दुसरा. आज जो एआय स्वस्त, तो उद्या जुना म्हणून बंद. पाणीपट्टीचे दरही बदलायचे, पण हंगामाआधी कागद यायचा, चावडीवर लागायचा. इथे सकाळी ऑफिस उघडावं तर दर बदललेला आणि कळवलेलं इंग्रजीत, बारीक अक्षरात.

आणि आमची पोरं! एकाने स्वतःच्या लग्नाचा बायोडाटा त्याच्याकडून लिहून घेतला. आवडीनिवडींत त्या एआयने ट्रेकिंग टाकलं. हा पोरगा एक जिना चढून आला की पंख्याखाली पाच मिनिटं बसायचा. दुसरा रोज गावाच्या ग्रुपवर टाकायला सुविचार मागायचा. विचारलं तर म्हणे, "काका, त्यानं कितीक खर्च होते?" प्रत्येकाचं 'कितीक' मिळूनच मर्यादा संपत होती, हे मी सांगून थकलो.

शेवटी मी माझ्या पद्धतीने व्यवस्था लावली. प्रत्येकाला एक की होती. की म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. ती ज्या काँप्युटरमध्ये टाकाल तिथला एआय चालू होतो आणि वापर त्या कीच्या नावावर पडतो. पाच कींना मी एक ते पाच नंबर दिले, रजिस्टर आखलं, सह्या घेतल्या. वापराच्या पाळ्या लावल्या. प्रत्येकाला दिवसातले दोन तास. सुरुवात टोकाकडून, म्हणजे नंबर पाचपासून. शिवाय आमच्या खात्यात पाणी मागणीचा जो सात नंबरचा नमुना असतो, तसा एक मागणी अर्ज छापून घेतला. पिकाचं नाव, क्षेत्र, किती पाणी लागेल. शब्द बदलायचेही मला सुचले नाहीत.

आमचा सीनियर प्रोग्रामर बुलढाण्याचाच, शिलाईवाल्या घरातला, मला चाचा म्हणायचा. त्याने अर्ज भरून आणला. पिकाचं नाव: बग. क्षेत्र: बेहिसाब. सगळे हसले. मी तो अर्ज नामंजूर केला.

"चाचा, आधा फंक्शन लिहून झालं त्याचं. अर्ध्यात पाणी तोडता काय?"

"पाळी संपली."

"खेताचं ठीक आहे चाचा, दुसऱ्या पाळीपर्यंत दम धरते ते. हे डोक्यातलं आहे. वाळून जाते."

त्याचं बरोबर होतं. माझं रजिस्टर सुंदर होतं आणि काम खोळंबत होतं. पण मर्यादा महिनाअखेरपर्यंत पुरली, भाचा खूश झाला आणि मी ताठ मानेने फिरू लागलो.

या सगळ्यात एकच माणूस कुरकुर न करता चाललं, ती धामणगावची मुलगी. वडील नव्हते. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती गावी आली होती, कारण आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि दुसरं कोणी नव्हतं. चार दिवस घरून काम करायची, दोन दिवस घाट चढून बसने बुलढाण्याला यायची. तिच्या कामाचं ऑफिस आसपास हे एकच. हे गेलं की पुन्हा पुणं. हे तिने मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं. रडगाणं म्हणून नाही, बसचं टाइमटेबल सांगावं तसं. नंबर पाच तिचा, म्हणून तिची पाळी सकाळी सगळ्यांच्या आधी असायची. आईचं आवरून ती वेळेवर हजर.

"काका, मला तुमचं रजिस्टर आवडतं," ती म्हणाली होती. "कोणाकडे काय आहे ते कळतं तरी. पुण्यात तर कोणाची की कुठं पडली, कोणालेच माहीत नसायचं."

असं म्हणणारी ती एकटीच.

एके दिवशी भाचा गिऱ्हाइकाकडे निघाला आणि मलकापूरला स्टेशनवर पोचल्यावर त्याचा फोन आला. गिऱ्हाइकाची नवी अट होती. कोडमध्ये काही बदल झाला असेल तर तो एआयकडून दर थोड्या वेळाने आपोआप तपासला गेला पाहिजे. ते तपासायला ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुना काँप्युटर लावून ठेवला होता, त्यात आजच्या आज की टाकायची होती.

"कोणती टाकू?"

"कोणतीबी टाका आता. मी आलो की नवीन काढतो. गाडी आली मामा, ठेवतो."

सीनियर सासुरवाडीला गेला होता. मी त्याला फोन लावला. मागे त्याचं लेकरू रडत होतं. त्याने कुठे क्लिक करायचं, कुठे चिकटवायचं ते सांगितलं. मी रजिस्टर उघडलं. बोट सवयीने शेवटच्या ओळीवर गेलं. टोकापासून सुरुवात, बत्तीस वर्षांची सवय. नंबर पाचची की मी कोपऱ्यातल्या काँप्युटरला लावली, हिरवा दिवा लागला, मी चहा प्यायला खाली गेलो.

रजिस्टरात नोंद केली नाही. तात्पुरतं होतं ना. चारीला तात्पुरतं म्हणून पाडलेलं भोक कधी बुजत नाही, हे मी शेकडो शेतकऱ्यांना ऐकवलं असेल. भाचा परत आला, त्याच्या डोक्यात दुसरंच काही होतं, नवीन की त्याने काढली नाही. आणि मी विसरलो. अगदी स्वच्छ विसरलो. याच्यासाठी मी वय पुढे करणार नाही. त्याच आठवड्यात मी एका पोराचा तीन महिन्यांपूर्वीचा मागणी अर्ज तारखेसकट काढून दाखवला होता.

पुढच्या महिन्याची मर्यादा नवव्या दिवशी संपली. भाच्याने वाढवली, ती चार दिवसांत गेली. पुन्हा वाढवली आणि तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मामा, हे काय होऊन राह्यलं?"

मी वापराचा तक्ता उघडला. नंबर पाच. बाकी चार जणांच्या रेघा बोटाएवढ्या आणि पाचची छताला टेकलेली. पाळीत वापर, पाळीबाहेर वापर. सकाळी, दुपारी, जेवणाच्या वेळी. ती रजेवर होती त्या दिवशीसुद्धा. आज लिहिताना वाटतं, कोणाही शहाण्याला तेव्हाच शंका आली असती. जेवायलासुद्धा न उठता दिवसभर दर दहा मिनिटांनी एआयला प्रश्न विचारणारं माणूस असतं का? पण मी पाहिलं ते ओलं शेत. पाळी नसताना ओलं झालेलं.

ती ऑफिसला आली त्या दिवशी मी तिला समोर बसवलं.

"काका, मी नाही वापरलं हे."

"तुझ्या कीवर आहे."

"हो, पण मी नाही वापरलं. मी त्या सोमवारी आईला घेऊन दवाखान्यात होते. दुसरीकडून कुठून तरी येत असंल. वरून बघा ना, कुठून येतंय ते."

वरून बघा. एवढंच करायचं होतं. शेत ओलं दिसलं तर आधी चारीच्या काठाने वर चालत जायचं, कुठे पाझर आहे का, कोणी वरती फोडली आहे का ते पाहायचं आणि मगच पंचनाम्याला हात घालायचा. हा नियम मी नवीन पाटकऱ्यांना शिकवायचो. मैलभर चिखल तुडवत मी तो पाळला. इथे चालायचं अंतर वीस पावलं होतं. कोपऱ्यातल्या काँप्युटरपर्यंत. मी खुर्चीतून उठलो नाही.

"ओलं शेत असलेला प्रत्येक जण हेच म्हणतो," मी म्हणालो. आणि हसलो. ते हसणं मला सगळ्यांत जास्त आठवतं.

मी पंचनामा लिहिला. होय, कोऱ्या कागदावर, काळ्या शाईने, 'आम्ही खालील सह्या करणार पंच' अशी सुरुवात करून. सॉफ्टवेअरच्या ऑफिसात. सीनियरला पंच हो म्हणालो तर तो "चाचा, मले यातून ठेवा बाजूला" म्हणून उठून गेला. मग खालच्या झेरॉक्सवाल्याला वर बोलावलं. त्याने न वाचता सही ठोकली आणि विचारलं, "लॅमिनेशन करून देऊ का साहेब?"

मुलीने तो उभ्यानेच पूर्ण वाचला. "मी याच्यावर सही नाही करणार," ती म्हणाली. "पण तुमच्यावर राग नाही, काका. तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही लिहिलं."

भाच्याने केबिनचं दार लावून मला विचारलं, "मामा, खात्री आहे ना? पोरगी चांगली आहे."

"बत्तीस वर्षं हेच केलं मी."

त्याच संध्याकाळी मी नंबर पाचची की बंद केली. आणि भाच्याने ठरवलं की तिचं घरून काम बंद. सहाही दिवस ऑफिसात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर सीनियर कोपऱ्यातल्या काँप्युटरपाशी वाकून उभा होता. दिवा लाल झाला होता.

"चाचा, टेस्टिंग बंद पडली. कोणती की होती याच्यात?"

माझ्या हातात डब्याची पिशवी होती. ती खाली ठेवायला मला जागा सापडेना. मलकापूरचा फोन, लेकराचं रडणं, शेवटच्या ओळीवरचं बोट, सगळं एकदम समोर आलं. त्या यंत्राने दर थोड्या वेळाने सगळाच्या सगळा कोड एआयला वाचायला दिला होता, पंधरवडाभर, नंबर पाचच्या नावावर. चारी फुटली होती आणि मीच फोडली होती.

"जुनी होती एक," मी म्हणालो. "बदलतो."

तोवर शिकलो होतो, मीच पोर्टलवरून नवीन की काढली, लावली, आणि या वेळी रजिस्टरात नोंद केली. यंत्राला दिवसातून दोनदाच तपासायला लाव, असंही सीनियरला सांगितलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. की कशी लावायची ते त्यानेच मला फोनवर सांगितलं होतं, कोणती लावली ते त्याला आता कळलं. दुपारी जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "चाचा, मी काही बोललो नाही. मले नोकरी आहे, लेकरू आहे. तुमचं तुम्ही पाहा."

मी काय पाहिलं ते सांगतो. पंधरा दिवस मी एका मुलीला पहिल्या बसने येताना आणि अंधार पडताना जाताना पाहिलं. एआयची की तिला दिलेली नव्हती. बाकीचे दुपारपर्यंत संपवायचे ते काम ती हाताने करायची. मधल्या सुट्टीत जिन्यात उभी राहून आईला फोन. "गोळी घेतली का? उठू नको एकटी. काकूला हाक मार."

मी रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, भाच्याला आधी सांगावं. भाच्याच्या केबिनपर्यंत गेलो की वाटायचं, गिऱ्हाइकाचा फोन चालू आहे, उद्या. नोकरीत एकही डाग न लागता निवृत्त झालेला माणूस म्हणून ऑफिसात माझी ओळख होती. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी कोणीतरी मला साहेब म्हणायला लागलं होतं. तेवढ्यासाठी. दुसरं काही कारण नाही. मला कोणी नोकरीवरून काढणार नव्हतं, मी मामा होतो. फार तर भाचा हसला असता. तेवढं हसू सहन करायची माझी तयारी नव्हती.

सोळाव्या दिवशी तिची आई पुन्हा पडली. घरात कोणी नव्हतं, शेजारच्या काकूने उचललं. मुलीने दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवला. महिन्याभराने कळलं, ती पुण्याला गेली. आईने घर सोडायला नकार दिला, ती धामणगावात एकटी, शेजाऱ्यांच्या भरवशावर. आईजवळ राहता यावं एवढ्यासाठी धरलेली नोकरी होती ती.

त्यानंतर चार महिने मी ते रजिस्टर लिहिलं. मर्यादा पुरत होती. भाचा चार लोकांत म्हणायचा, "मामानं पकडलं, नाहीतर बुडालो असतो." एकदा दसऱ्याला त्याच्या पायांवर डोकं ठेवताना मला वर यायलाच नको वाटलं. त्यानंतर डोळ्यांचं कारण सांगून काम सोडलं.

या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी बाजारात सीनियर भेटला. आता त्याचं स्वतःचं छोटं ऑफिस आहे. बोलता बोलता म्हणाला, "ती आली आहे गावी, आखाजीसाठी." आणि पिशवीतले कांदे नीट करत राहिला. मला तेवढं पुरे होतं.

घरी येऊन मी कागद लिहिला. 'पंचनामा रद्द करण्याबाबत.' सवय जात नाही. पण खाली साध्या शब्दांत सगळं लिहिलं. घडी घालून खिशात ठेवला आणि मोताळ्यावरून धामणगावची बस धरली. घाट उतरताना ओठांत पाठ करत होतो. शेजारच्या बाईने विचारलं, "परीक्षा आहे का बाबा?"

घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर तिची आई खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर. मुलगी आतून आली. "काका! तुम्ही?" तिला खरंच आनंद झाला. हे मला अपेक्षित नव्हतं. ती तोंडावर दार लावून घेईल अशी मनाची तयारी करून मी आलो होतो.

पन्हं आलं. मग ती सांगू लागली. पुण्याच्या कंपनीत तिच्याकडे आता हेच काम आहे, चाळीस जणांच्या कींचं. कोणाला किती, कोणाची बंद, कोणाची चालू. "लोकं भांडतात काका माझ्याशी. रोज! एकानं तर एआयकडून कविता करून घेतली, बायकोच्या वाढदिवसाची. मला तुमचे अर्ज आठवतात." हसली. मग पेल्याच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, "तुमचंच रजिस्टर वापरते मी. तसंच्या तसं. फक्त एक रकाना वाढवला."

"कोणता?"

"की कुठं लावली, तो."

 ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही, घाईने नाही. चारीचं दार थोडं उचलून ठेवावं तसं तिने ते माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं. माझा हात खिशापर्यंत गेला.

आणि तेवढ्यात आई म्हणाली, "तुमचं गाव कोणतं म्हणायचं, भाऊ?"

"पिंपळगाव राजा."

"अगं बाई! माहेर आहे माझं ते! कोणाच्या घरचे?"

मग काय, निघाल्या ओळखी. कोणाची विहीर, कोणाचा बांध, शाळेपाशी कोण राहायचं. तिच्या थोरल्या भावाबरोबर मी चौथीत एका बाकावर होतो. बाई काठी टेकत उठू पाहत होती, डोळे भरले होते. "म्हणजे तुम्ही माझे भाऊच लागले की! आणि इतके दिवस एकाच हापिसात होते अन् कोणाले माहीत नाही! अगं, मामा आहे हा तुहा, काका काय म्हणते!"

"मग मामा," मुलगी म्हणाली, "तुम्ही माझ्या पाया पडायला पाहिजे." थट्टेनेच म्हणाली.

मी उठलो आणि वाकलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही हातांनी तिच्या पायांना हात लावून डोकं टेकलं आणि तसाच राहिलो. "अहो मामा, बस, बस! गंमत केली मी," ती मागे सरकत म्हणाली. आई कौतुकाने म्हणत होती, "आमच्या माहेरची रीत आहे ती. पाहा, विसरले नाहीत माणसं." शेजारची काकूही पाहायला आली. आईने मला टोपी दिली, मुलीने नारळ.

वाकणं सोपं होतं, कारण त्याला कारण सांगावं लागलं नाही. रीत होती, तिने सगळं झाकून घेतलं. मी उभा राहिलो तेव्हा ती अजून माझ्याकडे पाहत होती, पण आता आई बोलत होती, काकू बोलत होती आणि मी विचारलं, "शेवटची बस किती वाजता?"

तिने सांगितलं. फाट्यापर्यंत सोडायला आली. मी बसमध्ये चढताना म्हणाली, "मामा, पुन्हा या. सावकाश." सावकाश हा शब्द तिने का वापरला याचा मी परतीच्या घाटभर विचार केला. तिला माहीत आहे, असं मी स्वतःला सांगतो. त्याने माझं ओझं हलकं होत नाही. माहीत असणं आणि माझ्या तोंडून ऐकणं यात फरक आहे, हे पंचनामे लिहिणाऱ्याला तरी कळायला हवं.

कागद घामाने मऊ झाला आहे. घडीवर अक्षरं फिसकटली आहेत, पण वाचता येतात. खाली जे लिहिलं आहे ते असं:

नंबर पाचची की कोपऱ्यातल्या काँप्युटरला मी लावली होती. तू वापरली नव्हतीस. दुसऱ्याच दिवशी मला ते कळलं आणि मी पंधरा दिवस तुला बसने ये-जा करताना पाहत गप्प बसलो. तुझं आईजवळचं राहणं माझ्यामुळे गेलं. बाई, मला माफ कर.